क्लेम बर्टविसलची डावी नडगी

कॉल्डरशॉ, यॉर्कशर
सोमवार, २२ ऑक्टोबर १९५६

मिस्टर बर्टविसल यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. परवा शनिवारी ज्याच्या बुटाने तुमचा पाय मोडला त्या सेप ओल्डरॉइडची मी आई. एवढं वाचून पत्र फाडणार असाल तर आधी डबा उघडा. त्यात केक आहे, आणि केकचा काही दोष नाही.

आमच्या गावच्या बसने डोंगर ओलांडून मी फुटबॉलच्या सामन्याला आले होते. पाहुण्यांच्या स्टँडात आपली गप्प बसून बघत होते. तो आवाज मीही ऐकला, वाळकं लाकूड मोडावं तसा. तेव्हापासून चुलीसाठी लाकडं फोडायचं काम मी शेजारच्यांना सांगते आहे.

माफी मागायला हे पत्र नाही. माफी ज्याची त्याने मागावी. सांगायचं ते एवढंच की तुमच्याकडच्या पेपराने छापलंय तसा माझा मुलगा 'खाटीक' नाही. सात पोरांतला तो सातवा. तोवर घरातली नावं संपली होती, म्हणून पाद्रीबाबांनी सेप्टिमस सुचवलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सातवा असाच होतो म्हणे. चोवीस वर्षांचा झाला, सहा फूट दोन इंच वाढला, पण नाताळची कोंबडी कापायची वेळ आली की हा परसातल्या संडासात कडी लावून बसतो.

आणि रागावू नका, पण त्याआधी तुम्ही तीनदा पडला होतात आणि तिन्ही वेळा तुमच्या आसपास चिटपाखरू नव्हतं. म्हणून चौथ्यांदा पडलात तेव्हा आमचे लोक हसले. पाय कसा वळलाय ते दिसलं आणि मग कोणी हसलं नाही.

हिल्डा ओल्डरॉइड

*

ब्लॅकरिज, लँकशर. इस्पितळ, पुरुषांचा वॉर्ड
२७ ऑक्टोबर

मिसेस ओल्डरॉइड,

केक मिळाला. तुम्ही तसं लिहिलं होतं म्हणून केक आहे हे कळलं. शेजारच्या खाटेवर एक गवंडी आहे. त्याने एक तुकडा घेतला, खाटेच्या दांडीवर ठोकून पाहिला आणि कुठल्या खाणीतला म्हणून विचारलं.

माझी हकिकत अशी. डाव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली आहेत. कमरेपासून बोटांपर्यंत प्लास्टर आहे आणि पाय कप्पीला वजनं लावून वर टांगलाय. खाटकाच्या दुकानात मांस टांगतात तसा. त्यामुळे 'खाटीक' शब्दाबद्दल तुमच्याशी वाद घालायला मी योग्य माणूस नाही.

फाउल रेफरीने दिला, पेपराने नाही. आणि मी तीनदा पडलो त्याला कला म्हणतात. ती शिकायला मला बारा वर्षं लागली. त्या दिवशी इंग्लंडच्या संघाची निवड करणारे दोन गृहस्थ मुद्दाम मला बघायला आले होते. हॅट घालून, दुर्बीण घेऊन. त्यांनी काय बघितलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

पण काळजी नसावी. डॉक्टर म्हणतात, ईस्टरला मी धावत असेन. तुमच्या मुलाला सांगा, आईच्या पदराआड लपायचं वय गेलं.

एक विचारायचं होतं. तुमच्या स्टँडात हिरव्या टोपीची एक बाई होती. गळा असा की गिरणीचा भोंगा लाजावा. ओळखता का तिला?

सी. बर्टविसल

*

कॉल्डरशॉ
३१ ऑक्टोबर

मिस्टर बर्टविसल,

तो केक नव्हे, पार्किन. ओट, आलं आणि काकवी. भाजल्यावर आठवडाभर डब्यात बंद ठेवतात, मग ते मुरतं, मऊ पडतं. पाच नोव्हेंबरला आमच्याकडे शेकोट्या पेटतात त्या रात्री खायचं असतं. पण डोंगरापलीकडच्या माणसांना धीर कुठला! गवंड्यालाही सांगा, सिमेंटसुद्धा मुरावं लागतं.

पदराआड कोणी लपलेलं नाही. सेप तीनदा तुमच्या इस्पितळाच्या फाटकापर्यंत येऊन गेला. तीन बस बदलून. प्रत्येक वेळी पेअरच्या फळांची पिशवी घेऊन गेला आणि तीच घेऊन परत आला. आता आम्ही घरात सगळे पेअरच खातोय.

बाकी तो बरा आहे. खेळतोय, जेवतोय, झोपतोय.

हिरव्या टोपीच्या बाईला मी ओळखत नाही. कॉल्डरशॉत हिरव्या टोप्या पुष्कळ आहेत.

हि. ओल्डरॉइड

*

ब्लॅकरिज
१९ नोव्हेंबर

मिसेस ओल्डरॉइड,

पार्किन मुरलं. गवंड्याने चार तुकडे खाल्ले आणि बायकोसाठी कृती मागितली. बायको म्हणाली, मग तिकडेच जाऊन राहा. हे झालं पार्किनचं.

आता दुसरं. शनिवारचा पेपर माझ्यासमोर आहे. त्यात लिहिलंय, 'कॉल्डरशॉचा ओल्डरॉइड हा कडेने धावत येणाऱ्या विंगरला सिनेमागृहातल्या डोअरकीपरच्या अदबीने गोलपर्यंत वाट दाखवत होता. फक्त बॅटरी हातात नव्हती.' पाच गोल खाल्लेत तुम्ही. पाच! त्यातले चार त्याच्या बाजूने.

तुम्ही लिहिलंत, तो बरा आहे. याला तुमच्याकडे बरं म्हणतात? माझी नडगी मोडून तो शेवटी काय शिकला, तर सभ्यपणा? मग माझा पाय अगदीच फुकट गेला म्हणायचा.

सी. बर्टविसल

*

कॉल्डरशॉ
२२ नोव्हेंबर

मिस्टर बर्टविसल,

खोटं लिहिलं होतं. सेप बरा नाही.

पहिल्या सामन्यात त्याने चेंडू काढून घ्यायला पाय पुढे केला आणि अर्ध्यात मागे घेतला. दुसऱ्यात पायच पुढे केला नाही. परवा तर समोरच्या पोराला विचारलं, "कुठल्या बाजूने जाणार?" तो पोरगा इतका गोंधळला की खरं सांगून बसला. मग सेप दुसऱ्या बाजूला सरकून उभा राहिला. मॅनेजर क्रॅबट्रीसाहेबांनी टोपी जमिनीवर आपटली आणि तिच्यावर नाचले. आता त्याला राखीव संघात टाकलंय. तिथेही तेच.

रात्री पावाचा तुकडा मोडत नाही. विचारलं तर म्हणतो, "भूक नाही, आई." ज्या घरात सात पोरांनी एका बटाट्यावरून मारामाऱ्या केल्या तिथे हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि कालची गोष्ट. नववर्षानंतर खाणीत जातो म्हणून नाव घालून आला. मिस्टर बर्टविसल, त्याचे सहाही भाऊ खाणीत आहेत. त्याचा बाप तीस वर्षं खाली उतरला आणि शेवटी दोन जिने चढताना चारदा बसायचा. बावन्नाव्या वर्षी गेला. माझ्या सातांपैकी हा एकटा उजेडात कमावतो.

तुम्ही त्याला एक ओळ लिहा. माझं ऐकून घेतो आणि मान हलवतो. तुमचं मानेल.

हिल्डा ओल्डरॉइड

*

ब्लॅकरिज
२६ नोव्हेंबर

मिसेस ओल्डरॉइड,

तुमच्या नवऱ्याचं वाचून वाईट वाटलं. माझे वडील सूतगिरणीत होते, छातीचं दुखणं मलाही ठाऊक आहे.

पण ओळ लिहिणार नाही. काय लिहू? 'पाय मोडलास, छान केलंस, पुढच्या खेपेला दुसरा घे'? पाय माझा, कप्पीला टांगलेला मी, आणि धीर त्याला द्यायचा? ईस्टरला मी मैदानावर उतरेन. तेव्हा त्याला काय सांगायचं ते मी पायानेच सांगेन. आपला पत्रव्यवहार इथे थांबवू या. पार्किनचा डबा परत पाठवतो आहे, धुऊन.

सी. बर्टविसल

*

कॉल्डरशॉ
मंगळवार, ४ डिसेंबर

क्लेम,

आता मी तुला 'तुम्ही' म्हणणार नाही. रविवारी मी वॉर्डात शिरले तेव्हा तू भांड्यावर होतास आणि पडदा अर्धाच ओढलेला होता. ज्या माणसाला मी तशा अवस्थेत पाहिलंय त्याला 'मिस्टर' म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

मला बघून तू उशी तोंडावर घेतलीस. भांड्यामुळे असेल असं मला वाटलं. पण उशीच्या आडून तू बोट दाखवलंस ते माझ्या डोक्याकडे. होय, टोपी हिरवी आहे. माझ्याकडे एकच आहे. घरातून निघताना लक्षातच आलं नाही, आणि आलं असतं तरी उघड्या डोक्याने मी इस्पितळात गेले नसते.

तू बोलला नाहीस, म्हणून मी सिस्टरशी बोलले. म्हटलं, ईस्टरला धावणार आहे ना तो? ती म्हणाली, "कुठल्या वर्षीच्या?" मग तिने मला खुर्चीवर बसवून चहा दिला. इस्पितळात बसवून चहा देतात तेव्हा काय सांगणार हे मला माहीत आहे. हाड दोनदा बसवलं, दोनदा सरकलं. पाय दीड इंच आखूड राहणार. चालशील. खेळणार नाहीस. हे तुला नऊ नोव्हेंबरलाच सांगितलंय.

आणि त्यानंतर तू मला दोन पत्रं लिहिलीस. एकात पार्किनची थट्टा आणि दुसऱ्यात ईस्टर. पोरा, खोटं बोलण्यात तू आणि मी सारखेच पटाईत आहोत.

म्हणून आता माझं खरं. मी त्या दिवशी गप्प बसले नव्हते. तू माझ्या सेपला चारदा चकवून गेलास, पाचव्यांदा त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढलास आणि सगळं स्टँड त्याच्यावर हसलं. आमचे लोकसुद्धा. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "सेप, आडवा कर त्याला!" सेप जन्मभर माझं ऐकत आलाय. यानंतर अर्ध्या मिनिटात तो आवाज आला. घरी येऊन तो मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पार्किन त्यासाठी होतं, पत्रंही त्यासाठीच. दोष त्याचा नाही, माझ्या गळ्याचा आहे.

आता तुला ओळ लिहायला सांगणार नाही.

हिल्डा ओल्डरॉइड

*

ब्लॅकरिज
९ डिसेंबर

मिसेस ओल्डरॉइड,

तुमचं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. गवंडी म्हणतो, "कर्जाची नोटीस आहे का?" म्हटलं, त्याहून वाईट, खरं बोलणाऱ्या बाईचं पत्र आहे.

तुमचं ओरडणं मी ऐकलं होतं. सगळ्या लँकशरने ऐकलं. चेंडू माझ्या पायाशी होता आणि सेप दहा पावलांवर. शहाण्याने अशा वेळी पळावं. मी काय केलं सांगू? डावा पाय चेंडूवर ठेवून थांबलो, तुमच्या स्टँडकडे वळलो आणि हिरव्या टोपीच्या बाईला हवेत मुका उडवला. दोन्ही हातांनी. वर कमरेत वाकलो.

तेवढ्यात तुमचा मुलगा आला. तो चेंडूवर आला, मिसेस ओल्डरॉइड. सरळ, समोरून, स्वच्छ. त्याला चेंडूच मिळाला. आता चेंडूवर माझा पाय ठेवलेला होता त्याला तो काय करणार? रेफरी मागे राहिला होता, त्याने माझ्या किंकाळीवर शिट्टी फुंकली. त्याच संध्याकाळी पेपरवाला आला. मी सांगितलं, ओल्डरॉइड मागून आला. इंग्लंडच्या निवडकर्त्यांसमोर एका आज्जीबाईला मुका उडवताना माझा पाय मोडला, हे माणूस कुठल्या तोंडाने सांगेल? पंधराव्या वर्षापासून याच पायावर जगलो. तो असा गेला, हे मला स्वतःलाच सांगवत नव्हतं.

आज्जीबाई म्हटल्याबद्दल माफ करा. लांबून वय कळत नाही.

काल पेपरवाल्याला बोलावून खरं ते सांगितलं. तो इतका हसला की सिस्टरने त्याला बाहेर काढलं. गुरुवारी छापणार आहेत. ब्लॅकरिजमध्ये आता मला वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही, पण चालायला पाय नसताना तोंड कुठे न्यायचंय?

सोबत सेपसाठी पाकीट आहे. ते तुम्ही वाचायचं नाही.

क्लेम

*

(पाकिटातलं)

ओल्डरॉइड,

गुरुवारचा पेपर वाच. त्यात आहे ते खरं आहे. तुझा काही दोष नव्हता. मी तुला खाटीक होऊ दिलं, कारण मला विदूषक व्हायचं नव्हतं. माफी मागतो.

आता कामाचं. तू विंगरच्या डोळ्यांकडे बघतोस. डोळे खोटं बोलतात, खांदे खोटं बोलतात, मी तर भुवयांनीसुद्धा खोटं बोलत असे. कंबर खोटं बोलत नाही. कंबर ज्या बाजूला वळेल तिकडे माणूस जाणार. त्याने चेंडू लांब टाकला की त्या पावलाला जा, आधी नाही. आणि गेलास की पुरता जा. अर्धवट गेलेला माणूसच पाय मोडतो, त्याचा किंवा स्वतःचा. हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता ठेवून काय करू?

आणि फाटकावरून परत जात जाऊ नकोस. मला पेअर आवडतात.

क्लेम बर्टविसल

*

कॉल्डरशॉ
१८ डिसेंबर

मिस्टर बर्टविसल यांस,

पत्र मिळालं. आईने आधी उघडलं होतं. वाफेवर धरून. मग परत चिकटवलं, पण उलटं.

आईचं ओरडणं मी ऐकलंच नव्हतं. खेळताना मला काहीच ऐकू येत नाही. हे मी तिला काल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढा माझा गळा फुकट गेला होय.

मी हात बांधून उभा राहतो याचं कारण असं, की पाय पुढे केला की मला तो आवाज येतो. तेवढा एकच आवाज मी मैदानावर ऐकला आहे. तुमच्या पत्रानंतरही येतो. पण शनिवारी राखीव संघात मी कमरेकडे बघितलं. तीनदा चेंडू काढला. चौथ्यांदा जमलं नाही.

खाण बघायला भावांबरोबर एक दिवस खाली उतरलो. सहा फूट दोन इंचांना तिथे जागा नाही. अकरा वेळा डोकं आपटलं. भाऊ म्हणाले, फुटबॉल बरा. नाव काढून घेतलं.

रविवारी येतो. पेअर मिळाले नाहीत, सफरचंदं आणतो. कमरेबद्दल अजून विचारायचं आहे.

आपला,
से. ओल्डरॉइड

*

कॉल्डरशॉ
मंगळवार, २३ एप्रिल १९५७

मिसेस ओल्डरॉइड,

तुम्ही फायलीला बहिणीकडे समुद्राची हवा खात असताना इथे काय काय झालं ते कळवतो, कारण सेप कळवणार नाही. विचाराल तर 'ठीक' म्हणेल.

नव्या बुटाची टाच दीड इंच जाड आहे. चांभाराने त्या एका बुटाचे दुप्पट पैसे घेतले. म्हणाला, "एका बुटात दोन बुटांचं चामडं गेलंय." क्रॅबट्रीसाहेबांनी तुमच्या क्लबात दिलेली नोकरी महिनाभर निभावली. बचाव करणाऱ्या बॅक लोकांना विंगरचे डाव शिकवायचे. ब्लॅकरिजला माझ्या आईच्या शेजारणी मला फितूर म्हणतात. आई त्यांना म्हणते, जाऊ द्या, आधी विदूषक म्हणत होतात, त्यापेक्षा बढती आहे.

काल सोमवारच्या सामन्यात सेप कसा खेळला ते पेपरात आलंच असेल. समोरचा विंगर अर्ध्या वेळानंतर दुसऱ्या बाजूला खेळायला गेला. आपण होऊन.

आज सकाळी मैदान रिकामं होतं. मी नेहमीसारखा शिकवायला उभा राहिलो, चेंडू पायाशी घेतला आणि मला काय झालं कोण जाणे, मी सेपला म्हटलं, "ये, काढून घे." आणि निघालो. त्याला धावणं म्हणायचं का, माहीत नाही. लंगडं बदक घाईत असावं तसं काहीतरी. सेप समोर आला, माझ्या कमरेकडे बघितलं, आणि बाजूला सरकला. वाट दिली मला.

मिसेस ओल्डरॉइड, ब्लॅकरिजमध्ये लोक तोंडावर हसले तेव्हा मला जेवढं लागलं नाही तेवढं ते लागलं. मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, "मी म्हातारी आहे का रस्ता ओलांडणारी? चेंडू माझ्याकडे आहे!" तो म्हणाला, "तुमचा पाय." मी म्हटलं, "पाय माझा आहे, तू चेंडूचं बघ." तो पांढराफटक पडला होता. मीही पडलो असेन, मला दिसत नव्हतं.

परत निघालो. डावीकडे झुकलो, उजवीकडे काढला, जुनाच डाव, फक्त निम्म्या वेगाने. आणि तो आला. पुरता आला. चेंडू असा काढून नेला की बुटाला बूटसुद्धा लागला नाही. मी तोल जाऊन चिखलात पाठीवर आपटलो. पडून राहिलो आणि वर ढगांकडे बघत पायाची बोटं मोजली, हलताहेत का म्हणून. हलत होती. सेप वर उभा राहून विचारत होता, "मोडला का? मोडला का?" मी हसायला लागलो. तोही हसला. मग जरा वेळाने आम्ही हसत नव्हतो, पण ते लिहिण्यासारखं नाही.

सहा महिन्यांनी मला पहिल्यांदा कोणीतरी फुटबॉल खेळणाऱ्या माणसासारखं वागवलं.

विजार मात्र गेली. पाठीमागून सगळी चिखलाची झाली आहे.

क्लेम

*

फायली
२५ एप्रिल

क्लेम,

चिखल ओला असताना घासू नकोस. पुरता वाळू दे, मग ताठ ब्रश मार, मग थंड पाण्यात भिजव. ऊन पाणी लावलंस तर डाग जन्माचा बसेल.

पत्र बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या लंगड्या बिचाऱ्याला तुझ्या मुलाने पाडलं? भर मैदानात?" मी म्हटलं, "हो. आणि छान पाडलं." मग मला शिंक आल्यासारखं झालं आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. समुद्राच्या हवेने होतं तसं.

शनिवारी संध्याकाळी पाचच्या गाडीने येते. सेपला घेऊन स्टेशनवर ये. दोन बॅगा आहेत आणि दोन्ही जड आहेत. एक त्याने उचलायची, एक तू. तुझा पाय मोडला होता, हात नव्हे.

हिल्डा ओल्डरॉइड